फोनला कव्हर लावावं का? खानदेशातल्या ऊन-धुळीसाठी निवडीपासून धुण्यापर्यंतची पुरी रीत

मे महिन्यात माझ्या फैजपूरच्या दुरुस्तीच्या दुकानात दोन तऱ्हेचे फोन जास्त येतात. एकाची काच फुटलेली असते, दुसऱ्याची बॅटरी फुगून मागचं पॅनल उचललेलं असतं. काच फुटलेल्याला बहुतेक वेळा कव्हर नसतं, किंवा असून नसल्यासारखं असतं. बॅटरी फुगलेल्याला बहुतेक वेळा चांगलं जाडजूड कव्हर असतं, पण घेतलं त्या दिवसापासून ते एकदाही काढलेलं नसतं. मी ते सोलतो तेव्हा आतून धूळ, घामाचे डाग आणि कधी घडी घातलेली पन्नासाची नोट निघते.

म्हणून कोणी विचारलं, "काय भो, कव्हर लावू का नको?" तर माझं उत्तर एका शब्दात येत नाही. कव्हर लावाच. पण अंगातल्या कपड्यासारखं वापरा: काम पाहून निवडा, उकाड्यात उतरवा, आठवड्याला धुवा, फाटलं की टाका. पुढे हीच रीत सविस्तर लिहिली आहे. मी रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातला माणूस, त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील.

फोन पडतो तेव्हा नेमकं काय होतं

हातातून सुटलेला फोन साधारण 1 मीटर उंचीवरून खाली येतो. जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी 16 किलोमीटरच्या आसपास असतो. रमत चाललेल्या सायकलचा हा वेग, म्हणजे फार नाही. घात होतो तो थांबण्यात. शहाबादी फरशी तसूभरही दबत नाही आणि फोनची धातूची कडाही जवळपास दबत नाही. समजा फोन अर्ध्या मिलिमीटरमध्ये थांबला, तर त्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे 2000 पट जोर येतो. 200 ग्रॅमच्या फोनवर तो 400 किलो वजनाएवढा झाला, आणि हे चार क्विंटल एका कोपऱ्याच्या टोकावर काही क्षण उभे राहतात. आता त्याच कोपऱ्यावर मऊ कव्हर आहे आणि ते 3 मिलिमीटर दबलं असं धरा. तोच जोर 65-70 किलोवर येतो. हिशेब ढोबळ आहे, पण कव्हरचं सगळं काम त्यात दिसतं. कव्हर मार अडवत नाही, थांबायला जागा देतं.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की कव्हरची जाडी कोपऱ्यांवर हवी, पाठीवर नाही. पाठीवरच्या जाडीने फक्त उष्णता कोंडते. दुसरी ही की दबणारं कव्हर हवं. दगडासारखं कडक प्लास्टिक ओरखडे वाचवतं, पण मार आहे तसा आत पोचवतं.

जमीन कुठली आहे त्यावरही पुष्कळ अवलंबून असतं. शेतातल्या काळ्या मातीत किंवा सारवलेल्या अंगणात पडलेला फोन बहुधा पुसून खिशात जातो. फरशी, कोबा, बस स्टँडचं काँक्रीट आणि डांबरी रस्ता यांच्यावर पडलेले फोन माझ्याकडे येतात. सगळ्यात वाईट जागा म्हणजे खडी टाकलेला रस्ता. तिथे दगडाचं टोक थेट काचेच्या मध्यावर लागतं आणि कव्हरच्या उंच कडेचा काही उपयोग होत नाही.

उन्हाचा हिशेब

ही बाजू शहरातल्या थंड खोलीत बसून लिहिलेल्या सल्ल्यांमध्ये कमी येते, आणि आपल्याकडे तीच महत्त्वाची आहे. ॲपल आपले फोन 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात वापरायला सांगते, सॅमसंगची मर्यादाही तीच आहे. आपल्याकडे एप्रिलपासून मृग लागेपर्यंत भुसावळ-जळगावचा सावलीतला पारा 42-45 अंशांवर असतो. म्हणजे फोन अजून काही काम करायला लागला नाही तोवरच मर्यादेच्या बाहेर गेलेला असतो.

लिथियम-आयन बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त मारक आहे. गरम अवस्थेत ती भरली, विशेषतः पूर्ण भरून तशीच गरम राहिली, की आतली रसायनं झपाट्याने बिघडतात. साठवण कायमची कमी होते, पुढे वायू तयार होऊन बॅटरी फुगते. फोन स्वतःला वाचवण्याचा प्रयत्न करतो. उन्हात स्क्रीन आपोआप अंधुक होते, चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं, ॲप अडखळतात. लोक म्हणतात फोन खराब झाला. तो खराब झालेला नसतो, तापलेला असतो.

फोनला पंखा नसतो. आतली उष्णता पाठीतून आणि कडांतून हवेत जाते. त्या पाठीवर रबराची गादी चढवली तर उष्णता जाण्याची वाट अरुंद होते. ॲपलने स्वतः सांगून ठेवलं आहे की चार्जिंगला लावलेला फोन कव्हरमध्ये गरम होत असेल तर आधी कव्हर काढा. अँड्रॉइड फोनलाही हीच गोष्ट लागू आहे, फास्ट चार्जिंगवाल्यांना तर जास्तच.

तुमच्या कव्हरने किती फरक पडतो ते घरी तपासता येतं. दोन दिवस एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच चार्जरवर फोन 20 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत भरा. एक दिवस कव्हरसकट, दुसऱ्या दिवशी कव्हर काढून. बॅटरीचं तापमान दाखवणारं छोटं ॲप असेल तर दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहा. नसेल तर फोनच्या पाठीला हाताची मागची बाजू लावून पाहा. कव्हरसकट आकडा 40 च्या वर जात असेल तर ते कव्हर चार्जिंगला लावताना उतरवायचंच, हा माझा नेम.

पायरी 1: आधी आपला दिवस मांडा

दुकानात जाण्याआधी फक्त चार गोष्टी ठरवा. फोन दिवसभर कुठे असतो? शर्टाच्या खिशात, पँटच्या खिशात, पर्समध्ये की हातात? पायाखाली काय असतं, फरशी की माती? हाताला काय लागलेलं असतं? आणि फोन चार्जिंगला कुठे लागतो?

शर्टाचा वरचा खिसा हा सगळ्यात मोठा शत्रू आहे. पंपाची कळ दाबायला, गाईला वैरण टाकायला, देवळात पाया पडायला माणूस वाकतो आणि फोन निसटतो. विहिरीच्या काठावर वाकलात तर कव्हर काय, काहीच कामाला येत नाही. ज्यांना वरच्या खिशाची सवय सोडवत नाही त्यांनी डोरी अडकवायला भोक असलेलं कव्हर घ्यावं आणि डोरी गळ्यात घालावी. शाळकरी पोरांसारखं दिसतं म्हणून काही जण नाही म्हणतात, पण माझ्या वडिलांचा फोन चार वर्षं याच डोरीने टिकवला आहे.

पायरी 2: कामाला जुळणारं कव्हर निवडा

बाजारात नावं शंभर असली तरी माल मोजकाच असतो.

पारदर्शक, वाकणारं, हातात थोडं चिकटल्यासारखं लागणारं कव्हर असतं ते टीपीयू नावाच्या मऊ प्लास्टिकचं. दुकानात सगळे त्याला सिलिकॉनच म्हणतात. 100-150 रुपयांत मिळतं, दबतं चांगलं, पकड चांगली. उणीव एकच, ते पिवळं पडतं. ऊन, उष्णता आणि हाताचं तेल यांनी ते प्लास्टिक आतूनच बदलतं, त्यामुळे टूथपेस्ट घासा की सोडा लावा, वरचा मळ निघतो, पिवळेपणा जात नाही. आपल्या उन्हात हे लवकर होतं. पारदर्शकच हवं असेल तर वर्षाला बदलायची तयारी ठेवा, नाहीतर सरळ काळं किंवा गडद निळं घ्या. माल तोच असतो आणि डागही दिसत नाहीत.

खरं सिलिकॉन मखमलीसारखं मऊ असतं. हातात छान वाटतं, पण धूळ आणि तंतू असे ओढून घेतं की कापूस वेचणीच्या दिवसांत अर्ध्या तासात त्याला पांढरी लव फुटते. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याने, कपाशीत दिवस काढणाऱ्याने हे घेऊ नये. ऑफिसात किंवा घरात वापरणाऱ्याला हरकत नाही.

पॉलिकार्बोनेट म्हणजे कडक प्लास्टिक. एकटं असेल तर ओरखड्यांपुरतं. पण पाठ कडक आणि कडा-कोपरे मऊ टीपीयूचे अशी जोडणी असेल, तर रोज फरशीवर वावरणाऱ्यासाठी माझ्या मते हीच उत्तम. 300 ते 500 रुपयांत बरं मिळतं.

दुहेरी थराचं जाड, चिलखतासारखं कव्हर बांधकामावरच्या मिस्त्रींना, ट्रकवर केळी भरणाऱ्यांना आणि घरातल्या लहान मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनला योग्य. उष्णता तेच सगळ्यात जास्त कोंडतं. हे घेणाऱ्याने पुढची चार्जिंगची पायरी काळजीने वाचावी.

डायरीसारखं उघडणारं फ्लिप कव्हर ज्येष्ठांना आवडतं, स्क्रीन झाकली राहते म्हणून. पडताना मात्र झाकण उघडतं आणि फोन तोंडावर आपटतो. चुंबकाची पट्टी पक्की बसते का ते पाहूनच घ्या. त्याच चुंबकामुळे काही फोनचा होकायंत्राचा काटा भरकटतो आणि नकाशा उलटी दिशा दाखवतो, हेही ध्यानात असू द्या.

धातूचं कव्हर मी विकत नाही. धातू रेडिओ लहरींना अडवतो. पाल किंवा तोरणमाळकडे सातपुड्यात गेलं की आधीच रेंज नसते. त्यात अँटेनावर धातू आला तर फोन टॉवर शोधण्यासाठी जास्त जोर लावतो, बॅटरी उतरते आणि फोन तापतो. वायरलेस चार्जिंगही धातूतून होत नाही.

हाताला काय लागतं, हे मी विचारायला सांगितलं त्याला कारण आहे. केळीच्या चिकाने कपडे कसे कायमचे काळे पडतात हे इकडे कोणाला सांगायला नको. कव्हरवर पडलेला चीक ओला असतानाच साबणाच्या पाण्याने धुवा, एकदा वाळला की तो डाग कव्हरचा होऊन जातो. केळी कापणीच्या हंगामात मी गिऱ्हाइकाला सांगतो, कामावरचं कव्हर वेगळं ठेवा, 100 रुपयांचं काळं, आणि लग्नकार्याला दुसरं. फवारणी करताना फोन अंगावर नकोच. असलाच तर घरी आल्यावर कव्हर काढून साबणाने धुवायचं, मग फोन कानाला लावायचा. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या बायांनाही हेच सांगणं: मिरचीचा हात कव्हरला लागतो, कव्हर गालाला. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाणारे डासांचं मलम चोळतात. त्यातलं डीईईटी नावाचं रसायन काही प्लास्टिक मऊ करतं, म्हणून मलम लावल्यावर हात पुसून मग फोन घ्या.

पायरी 3: दुकानात पाच मिनिटं तपासा

ही पायरी घाईत सुटते. कव्हर तुमच्याच मॉडेलचं हवं. एकाच कंपनीच्या दोन भावंड फोनची कव्हरं एकमेकांना बसल्यासारखी वाटतात, पण कॅमेऱ्याचं किंवा बटणाचं भोक एक मिलिमीटर सरकलेलं असतं. बटण अर्धवट दाबलेलं राहिलं तर फोन आपोआप बंद-चालू होत राहतो. असे 'बिघडलेले' दोन फोन मी नुसतं कव्हर काढून दुरुस्त केले आहेत आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

कव्हर चढवा आणि फोन काउंटरच्या काचेवर पालथा ठेवा. डोळा काचेच्या पातळीला आणून बघा, स्क्रीन आणि काच यांच्यात फट दिसली पाहिजे. एक मिलिमीटरच्या आसपास उंच कडा असली तर सपाट जमिनीवर पडल्यावर स्क्रीन टेकत नाही. मग उताणा ठेवा आणि कॅमेऱ्याच्या भिंगाखाली तशीच फट आहे का बघा. हल्ली कॅमेरे इतके बाहेर आलेले असतात की पाठीच्या कव्हरला भिंगाभोवती उंच कडं नसेल तर भिंगच फरशीवर घासतं. भिंगावर वेगळी काच चिकटवायची मला गरज वाटत नाही. रात्रीच्या फोटोत दिव्यांभोवती चट्टे येतात, आणि उंच कडं असलं की काम भागतं.

चारही कोपरे अंगठ्याने दाबा. दबून परत आले पाहिजेत. आत पोकळ खळगे असले तर उत्तम, हवेची ती जागा मार पिते. चार्जिंगची पिन घालून बघा, जाड कव्हरमुळे ती पुरती आत जात नसेल तर सैल जोडणीमुळे जॅक तापतो. स्पीकर आणि माइकची भोकं मोकळी हवीत. माइक झाकला गेला की समोरचा "आवाज येत नाही" म्हणतो आणि आपण नेटवर्कला दोष देत बसतो.

खोक्यावर 'मिलिटरी ग्रेड' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ समजून घ्या. एमआयएल-एसटीडी-810 ही अमेरिकी लष्कराची चाचणीची पद्धत आहे. तिच्यातल्या पडण्याच्या चाचणीत वस्तू 48 इंच म्हणजे 1.22 मीटरवरून 26 वेळा पाडतात: 6 बाजू, 12 कडा आणि 8 कोपरे. पण त्या 26 वेळा पाच नगांमध्ये वाटून घ्यायची मुभा असते आणि खाली काँक्रीटवर प्लायवूडची फळी असते, उघडी फरशी नसते. लष्कर कुठल्याही कव्हरवर शिक्का मारत नाही, कंपनी आपणच चाचणी करते किंवा करवून घेते. तेव्हा त्या शब्दावर जास्तीचे पैसे देण्याआधी कोपरा दाबून बघा, तो जास्त खरं सांगतो.

पायरी 4: काच, आणि 9एच चा गैरसमज

कव्हरबरोबर स्क्रीनवर टफन काच लावावी. खडीचं टोक कव्हर अडवू शकत नाही, तिथे ही काच स्वतः फुटून आतली वाचवण्याची शक्यता वाढवते. पण तिच्यावर लिहिलेलं 9एच म्हणजे हिऱ्याच्या खालची कठीणता असं बरेच जण समजतात. ते मोजमाप पेन्सिलीचं आहे. 9एच पेन्सिलीने ओरखडा येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. खनिजांच्या मोजपट्टीवर 9 म्हणजे जळगावच्या सराफ बाजारातलं माणिक आणि नीलम. फोनची काच त्या पट्टीवर 6 च्या आसपास असते, आणि तापी-गिरणेच्या वाळूतला गारगोटीचा कण 7. म्हणून खिशातल्या चाव्यांनी काचेवर सहसा काही होत नाही, पण वाळूच्या एका कणाने रेघ पडते. ज्या खिशात फोन, तो खिसा रोज उलटा करून झटका.

काच लावताना तिची कड कव्हरच्या कडेला टेकत नाही ना ते बघा. घट्ट कव्हर काचेला बाजूने उचलतं आणि मग कडेने बुडबुडे येतात. लोक काचेला नावं ठेवतात, दोष जोडीचा असतो.

पायरी 5: चार्जिंगची शिस्त

फाल्गुन संपला की हा नेम सुरू करा: फोन चार्जिंगला लावायचा तर कव्हर उतरवून, उशी-गादीवर नाही तर लाकडी टेबलावर किंवा फरशीवर, पंख्याच्या वाऱ्याला. रोज काढ-घाल करायचं कव्हर असल्यामुळे खूप घट्ट घेऊ नका. दर वेळी नखाने ओढावं लागलं तर चार दिवसांत कंटाळा येतो. काढताना आधी कॅमेऱ्याकडचा कोपरा मोकळा करा, मग कड सुटत जाते.

शक्य असेल तर पहाटे किंवा रात्री उशिरा चार्ज करा, हवा थंड असते. भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये, पंपाच्या खोलीत, ट्रॅक्टरच्या सॉकेटवर फोन भरत असेल तर 80 टक्क्यांवर काढून घ्या.

चार्जिंगवर लावलेल्या फोनवर लांबलचक व्हिडिओ कॉल किंवा गेम, तेही कव्हरसकट, ही बॅटरी मारायची सगळ्यात वेगवान रीत आहे. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालताना फोनवर गाणी लावून तो कठड्यावर उन्हात ठेवतात, तेही टाळा, सावलीत ओल्या नसलेल्या जागी ठेवा. मोटारसायकलच्या डिकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नको.

फोन फारच तापला तर आधी कव्हर काढा, चार्जर काढा, बंद करून सावलीत पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये किंवा माठाच्या ओल्या फडक्यावर ठेवू नका. एकदम थंड झाल्यावर आत हवेतलं पाणी जमतं, आणि मग उष्णतेतून वाचलेला फोन ओलीने जातो.

कव्हरच्या आत काय ठेवू नये

नोट, आधार कार्ड, एटीएम कार्ड, लॉटरीचं तिकीट, देवाचा अंगारा, सगळं मी कव्हरमधून काढलं आहे. श्रद्धेला माझं काही म्हणणं नाही, अंगाऱ्याची पुडी पाकिटात ठेवली तरी ती सोबतच असते. कागदाचा थर उष्णता कोंडतो, आणि फोन-कव्हरमध्ये फट पडल्यामुळे कव्हरची पकडही ढिली होते. वायरलेस चार्जिंग करणाऱ्यांनी तर कार्ड किंवा गाडीच्या स्टँडसाठीची लोखंडी चकती मध्ये अजिबात ठेवू नये. चकती प्रचंड तापते आणि कार्डातली चिप खराब होऊ शकते.

मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावणाऱ्यांना एक वेगळी गोष्ट सांगतो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर नकाशा लावून जाणारी पोरं रोज दिसतात. इंजिनाच्या सततच्या थरथरीने कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने 2021 मध्ये दिला. कितीही जाड कव्हर ही थरथर थांबवत नाही. हँडलच्या स्टँडला धक्का शोषणारा रबरी जोड हवा, नाहीतर फोन खिशात ठेवून कानात आवाज ऐकत जावं.

पाऊस, ओल आणि कव्हर

साधं कव्हर पाणी अडवत नाही, उलट आत गेलेलं पाणी धरून ठेवतं. पावसात भिजून आलात की आधी कव्हर काढा, फोन कोरड्या सुती फडक्याने पुसा, कव्हर वेगळं वाळवा. फोन आयपी68, म्हणजे धूळ-पाणी रोखण्याच्या दर्जाचा असला तरी ती चाचणी नव्या फोनवर आणि गोड्या स्वच्छ पाण्यात झालेली असते. एकदा पडून फ्रेम वाकलेली असेल तर तो भरवसा संपला. भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, कण आणि भुसा जॅकमध्ये जातो. जॅक खाली करून मोकळ्या हवेत ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका.

जॅकवर रबरी झाकण असलेलं कव्हर दाळ मिल, जिनिंग, पिठाची गिरणी अशा धुळीच्या जागी फार उपयोगी आहे. पावसाळ्यात मात्र ओल्या जॅकवर झाकण लावू नका. जॅकमध्ये रुई साचली असेल तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळू काढा, सुई किंवा पिन नको.

पायरी 6: आठवड्याची धुलाई

धुळीचा कण कव्हर आणि फोनच्या मध्ये गेला की प्रत्येक पावलाला तो घासतो. वर्षभर न काढलेल्या कव्हराखालचा फोन बिनकव्हरच्या फोनपेक्षा जास्त घासलेला मी पाहिला आहे, कडांचा रंग पार गेलेला. दर रविवारी कव्हर काढून कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या मऊ ब्रशने घासा, कोपरे आणि भोकं नीट. सावलीत वाळवा, उन्हात नको, उन्हाने तेच पिवळं पडायचं काम पुढे सरकतं. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चढवू नका. तेवढ्या वेळात फोनची पाठ आणि कॅमेऱ्याची भिंगं किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसून घ्या. चामड्याचं कव्हर पाण्यात बुडवू नका, फक्त पुसा.

कव्हर उघडलंच आहे तर फोन सपाट टेबलावर उताणा ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबा. फोन भोवऱ्यासारखा फिरला, किंवा पॅनल आणि फ्रेममध्ये फट दिसली, तर बॅटरी फुगायला लागली असू शकते. ती दाबून बसवू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. त्याच दिवशी बंद करून दुरुस्तीला आणा. जाड कव्हर ही फूग दाबून लपवतं, म्हणून आठवड्याची ही नजर धुण्याइतकीच महत्त्वाची.

कव्हरशिवाय कोणाचं चालेल

ज्यांचा फोन टेबलावरून उठत नाही, घरात पायाखाली सतरंजी आहे, आणि जे काच फुटली तर खर्चाला डगमगणार नाहीत, त्यांनी खुशाल तसाच वापरावा. फोन थंड राहतो आणि हातात हलका वाटतो. पण खर्च आधी माहीत असू द्या. साध्या फोनचा फोल्डर, म्हणजे काचेसकट पूर्ण स्क्रीन, 1500-2000 रुपयांपासून सुरू होतो, अमोलेड आणि वळवलेल्या कडांच्या फोनचा 8-10 हजारांच्या पुढे जातो. वळवलेल्या कडांच्या फोनला तर मी बिनकव्हर बाहेर जाऊच देत नाही, कारण तिथे काच कडेलाच उघडी असते आणि पडताना कडच आधी लागते.

ज्यांना मधला मार्ग हवा त्यांच्यासाठी फक्त कडेला बसणारी रबरी चौकट मिळते, बंपर म्हणतात तिला. कोपरे वाचतात आणि पाठ उघडी राहून उष्णता निघून जाते. एप्रिल-मेपुरती ती वापरून पावसाळ्यात पूर्ण कव्हर घालणारी माझी दोन-चार गिऱ्हाइकं आहेत आणि मला ही रीत फार पटली आहे.

कव्हर कधी टाकावं

कोपरा फाटला, कड ढिली होऊन फोन आपोआप निसटायला लागला, किंवा टीपीयू कडक होऊन दाबल्यावर परत येईना, की त्याचं काम संपलं. एकदा जोरात पडून फोन वाचला असेल तरी कव्हरचा तो कोपरा आतून तपासा. पांढरी रेघ किंवा बारीक चीर दिसली तर बदला, पुढच्या वेळी तो कोपरा तेवढा मार पिणार नाही. नवं कव्हर आणायला जाताना जुनं आणि फोन दोन्ही सोबत न्या. जुन्याचा कुठला कोपरा सगळ्यात जास्त झिजला आहे ते दुकानदाराला दाखवा, तुमचा फोन कुठल्या अंगावर पडतो ते त्यावरून कळतं, आणि तो कोपरा जाड असलेलं कव्हर काढून मागा.